घैसासबाईंचं ताट

डॉ. वत्सला घैसास गेल्या तेव्हा नारायण पेठेत त्यांची शोकसभा झाली. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं त्यांना 'स्पष्टवक्त्या' म्हटलं. पुण्यात उद्धट माणूस मेला की त्याला हा किताब मिळतो. एक गृहस्थ तर म्हणाले, बाई म्हणजे फणस, वरून काटे आणि आत गोड गरे. मी मागच्या रांगेत बसले होते. उठून सांगावंसं वाटलं, की अहो, मी त्यांच्या दवाखान्यात काही वर्षं काढली, माझ्या वाट्याला एकही गरा आला नाही. पण शोकसभेत खरं बोलायची पद्धत नसते. म्हणून ते इथे लिहिते आहे.

मला घैसासबाई आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुठे त्यांचं कौतुक वाटलं तर ते माझ्या हातून निसटलं असं समजावं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. जिना अरुंद, आणि वर दाराला पाटी: 'सासूने बाहेर बसावे. नवऱ्याने आत यावे.' कुटुंबनियोजनाचा सल्ला घ्यायला बायका यायच्या त्या सासूला नाहीतर जावेला घेऊन. नवरा खाली रस्त्यावर सायकल धरून उभा. बाई खिडकीतून वाकून ओरडायच्या, "अहो, सायकलवाले! पोर तुमचंच ना? मग वर या." आख्खी गल्ली वर बघायची. निम्मे नवरे वर यायचे, निम्मे सायकलवर टांग मारून पळायचे. पळालेल्यांच्या बायकांना बाई म्हणायच्या, "चला, तुमच्या घरात कुठलं साधन चालणार नाही ते कळलं."

बाई अंगानं काटकुळ्या, पांढरं नऊवारी, कपाळ रिकामं. लग्न केलं नव्हतं की नवरा गेला होता हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मी समाजकार्याची पदवी घेऊन समाजसेविका म्हणून तिथे लागले, तेव्हापासून त्या मला नावानं न बोलावता 'पदवीधर' म्हणायच्या. "पदवीधर, ताट आणा."

हे ताट म्हणजे बाईंचं सगळं शास्त्र. जेवायचं स्टीलचं ताट आणि त्यात वाट्या. एका वाटीत निरोध, एकीत तांबी, एकीत गोळ्यांचं पाकीट, एकीत रबरी टोपी आणि जेलीची ट्यूब. बायकांच्या ऑपरेशनची खूण म्हणून गाठ मारलेला दोरा आणि पुरुषांच्या ऑपरेशनची खूण म्हणून त्याहून आखूड दोरा. शेवटची वाटी रिकामी. ताट समोर आदळून बाई नवऱ्याला विचारायच्या, "बोला, सध्या काय वाढून घेताय?" तो बहुतेक वेळा पुटपुटायचा, "आम्ही आपलं सांभाळून असतो." बाई रिकामी वाटी उचलून त्याच्या नाकासमोर धरायच्या. "ही तुमची. पोटभर जेवा."

मी शिकून आले होते त्यात कुठलं साधन किती खात्रीचं याचा तक्ता होता. वर ऑपरेशन, मग गोळ्या, मग तांबी, मग निरोध, आणि अगदी तळाला दिवस मोजणं आणि सांभाळून असणं. तो तक्ता मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. बाईंनी चष्मा वर करून तो वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे. ज्या बाईला घर नाही तिच्यासाठी."

त्यांचं म्हणणं असं, की साधनाची खात्री एक पुस्तकातली आणि एक घरातली. पुस्तकातली सगळीकडे सारखी. घरातली दर जिन्याला वेगळी. म्हणून आलेल्या बाईला त्या पाळीच्या तारखा विचारायच्या आधी भलतेच प्रश्न विचारायच्या. खोल्या किती? निजता कुठे? कपाटाची किल्ली कुणाकडे? औषधाच्या दुकानात कोण जातं? मग ताटातली एखादी वाटी उचलून म्हणायच्या, "तुमच्या घरात ही." बाईला काय हवंय हे विचारणं मात्र त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. माझं त्यांच्याशी पहिलं भांडण त्यावरूनच झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही.

एकदा एक गणिताचे प्राध्यापक पत्नीला घेऊन आले. बरोबर इंग्रजी मासिकातलं कात्रण. म्हणाले, "डॉक्टर, मी तुलना करू इच्छितो. दर शंभर स्त्रियांमागे अपयश किती, एवढंच सांगा."

"शंभर कशाला हव्यात तुम्हाला? एक आहे ना?"

"नाही, म्हणजे शास्त्रीय दृष्टीनं..."

"सध्या काय करता?"

"सुरक्षित दिवस मोजतो. माझं गणित चुकत नाही."

"मुलं किती?"

प्राध्यापक छताकडे बघायला लागले. पत्नी हळूच म्हणाली, "चार. पाचवं जगलं नाही."

"गणित बरोबरच आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "दर वर्षा-दीड वर्षाला उत्तर येतंय." मग ताटातून निरोधची वाटी उचलून त्यांच्या कात्रणावर ठेवली. प्राध्यापकांचे कान लाल झाले. पत्नी पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही. मला त्या माणसाची दया आली. तो विचारायला तरी आला होता.

कात्रजच्या बाजूनं मंडईत भाजी विकायला येणारी हौसाबाई हा दुसरा नमुना. घरात एकच खोली, नवरा दारू पिणारा, पदरात तीन पोरं. बाईंनी तांबीची वाटी पुढे केली, तर ती मागे सरकली.

"नगं बाई. ती वर सरकती न् काळजात जाऊन बसती म्हन्त्यात."

"कोण म्हणतं?"

"सासू."

"तिला बसवली होती का?"

"न्हाई वो, तवा कुठं हुती?"

"मग तिच्या काळजात ते दगडासारखं काय बसलंय?"

हौसाबाई अशी खदखदून हसली की बाहेर बसलेली सासू दारातून डोकावली. तांबी त्याच दिवशी बसली. नंतर मी म्हटलं, तक्त्यात गोळी तांबीच्या वर आहे. बाई म्हणाल्या, "एका खोलीत गोळ्यांचं पाकीट लपवून दाखवा मला. तांबी कुणाला दिसत नाही, कुणाला मागावी लागत नाही, आणि दारूच्या नशेत विसरता येत नाही." बाईंचं बरोबर होतं. त्याचाही राग आलाच.

गोळ्यांवर बाईंचा फार राग. गोळीत दोष नव्हता. दोष आमच्या बायकांच्या पंचांगात होता. एक बाई गोळ्या घेऊनही गरोदर राहिली तेव्हा उलगडा झाला, की चतुर्थी आणि एकादशीला ती गोळी घेत नव्हती. उपास मोडतो म्हणून. बाईंनी तिला जे सुनावलं ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं. "साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, दिवसभर चहा चालतो, आणि मुगाएवढ्या गोळीनं उपास मोडतो? कुठल्या देवानं सांगितलं, नाव सांगा, मी त्याला पत्र लिहिते!"

त्यानंतर त्यांनी स्वतःची पद्धत काढली. ज्यांच्या घराचा भरवसा नाही त्यांची पाकिटं दवाखान्यातच ठेवायची. बाईनं संध्याकाळी मंडईतून येताना जिना चढायचा, भाजीची पिशवी दाराशी टेकवायची आणि समोर उभं राहायचं. घैसासबाई कात्रीनं एक गोळी कापून हातावर ठेवणार, फुलपात्रातून पाणी देणार, आणि मग, "तोंड उघडा. जीभ वर करा." लेकुरवाळ्या, संसारी बायका शाळेतल्या पोरींसारख्या आ वासून उभ्या राहायच्या. मला ते बघवत नसे.

त्या रांगेत सुधा आपटे होती.

सुधा आमच्याच गल्लीत राहायची. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. हाताला कायम रंग लागलेला. दोन मुली, दोन्ही वेळा पोट फाडून. दुसऱ्या वेळी इतका रक्तस्राव झाला की ती वाचली हेच नवल. तिसरं राहिलं तर पिशवी फाटेल आणि मग माझ्याकडे आणू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्याच वेळी तिचं ऑपरेशन करून टाकायला हवं होतं, पण सासूनं मुलाला सही करू दिली नाही. वंशाला दिवा हवा होता. म्हणजे आता सुधाचा जीव त्या ताटातल्या एखाद्या वाटीवर होता, आणि ते तिला ठाऊक होतं. मला म्हणायची, "मुलींना वेणी घालताना मनात येतं, आणखी किती दिवस घालता येईल?"

घैसासबाईंनी तिच्या नवऱ्याला वर बोलावलं. श्रीकांत आपटे टेलिफोन खात्यात होता. मऊ, गोरा, आईच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस. बाईंनी आखूड दोरा त्याच्यापुढे टाकला. "पाच मिनिटांचं काम. टाका म्हणावा असासुद्धा पडत नाही. तिचं पोट तिसऱ्यांदा उघडायला नको." आणीबाणी संपून फार दिवस झाले नव्हते. पुरुषांच्या ऑपरेशनचं नाव काढलं की माणूस खुर्चीवरून उठायचा. श्रीकांतही उठला. बाहेर बसलेली त्याची आई आत आली, पाटीला न जुमानता. "माझ्या मुलाचा बैल करायचा नाही," म्हणाली.

"ठीक," बाई म्हणाल्या. "मग सुनेची गाय झाली तरी चालेल. गाय मेली की दुसरी आणता येते."

तांबी बसवली, ती रक्त जायला लागलं म्हणून काढावी लागली. निरोध श्रीकांतला पेठेतल्या दुकानात मागवेना, सगळे ओळखीचे. बुधवारातल्या वेश्यावस्तीकडे जाऊन आणावा तर तिथे ओळखीच्यानं पाहिलं तर आणखी पंचाईत. उरली गोळी. बाई तयार नव्हत्या. "तुमच्या घरात गोळी टिकत नाही," त्या सुधाला म्हणाल्या. "कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला." शेवटी पाकीट दवाखान्यात ठेवायचं ठरलं आणि सुधा रोज जिना चढू लागली. वर्षभर तिनं एकही संध्याकाळ चुकवली नाही. पावसात भिजत यायची, तापात यायची. आ करायची, जीभ वर करायची, आणि माझ्याकडे न बघता उतरून जायची.

मग भाद्रपद आला. आपट्यांकडे गौरी उभ्याच्या. सुधा म्हणाली, "बाई, आवाहनापासून विसर्जनापर्यंत मला घराबाहेर पडता येणार नाही. तेवढ्या दिवसांच्या गोळ्या बरोबर द्या." घैसासबाईंनी कात्रीनं तेवढ्याच गोळ्या कापल्या आणि तिच्या हातात दिल्या. त्यांनी कुणाचं मन राखल्याचं मी पाहिलेलं ते एकदाच.

गौरी गेल्या, सुधा पुन्हा येऊ लागली. पाकीट संपलं, पाळी आली नाही. एका संध्याकाळी बाईंनी तिला आत नेलं, तपासलं, आणि बाहेर येऊन हात धूत राहिल्या. सुधा टेबलाला धरून उभी होती. मग तिनं सांगितलं.

नणंद गौरींसाठी माहेरी आली होती. सासरच्यांनाही जेवायचं आमंत्रण. नेमकी तिची पाळी त्याच दिवसांत येणार होती, आणि लेकीनं बाजूला बसायचं म्हणजे व्याह्यांसमोर शोभा. गोळ्यांनी पाळी पुढे जाते हे सासूनं कुठे तरी ऐकलं होतं. तिनं सुधापुढे हात पसरला. "तुला काय, तू रोजच घेतेस. तीन दिवसांनी काय होतंय?" सुधानं गोळ्या दिल्या. आणि एवढं करून नणंदेची पाळी गौरीजेवणाच्या दिवशीच आली. तिनं ती लपवली आणि तशीच सोवळ्यात वाढत राहिली.

"हे कुणाला सांगू नका, बाई," सुधा म्हणाली. "वन्संचं सासर फार कडक आहे. त्यांना नांदवणार नाहीत."

"बघू," घैसासबाई म्हणाल्या. मी तिथेच होते. नाही सांगणार, असं त्यांनी म्हटलं नाही, हे खरं. पण सुधानं ते तसंच ऐकलं, आणि मीही.

गर्भ काढायला कायद्यानं सुधाची एकटीची सही पुरे होती. ती करायला दुसऱ्या दिवशी येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. मी घरी गेले, तर सासूनं दारातच सांगितलं, "देवानं दिलंय. या वेळी मुलगाच आहे. डॉक्टर लोक घाबरवतातच." आतून सुधा माझ्याकडे बघत होती. ती नजर मी विसरले नाही.

दिवाळी चार दिवसांवर होती. मी काय पाहिलं ते घैसासबाईंना सांगितलं. त्या उठल्या, चपला घातल्या, म्हणाल्या, "पदवीधर, ताट घ्या."

आपट्यांच्या ओसरीवर शेजारणी जमून फराळ करत होत्या. सतरंजीवर परातीत करंज्या, कुणी लाटतंय, कुणी मुरड घालतंय. सुधा सारण भरत होती. घैसासबाईंनी माझ्या हातातून ताट घेतलं आणि करंज्यांच्या परातीशेजारी ठेवलं. बायकांची लाटणी थांबली.

"आपटेबाई," त्या सासूला म्हणाल्या, "आपल्या घराचा हिशेब सांगते. ही तांबी, ती रक्तानं गेली. हा निरोध, तो आपल्या चिरंजीवांना मागायची लाज वाटते. ही गोळी. ती सगळ्यांत खात्रीची, असं या पदवीधर बाई म्हणतात. ती आपल्या लेकीनं खाल्ली, गौरीला विटाळ नको म्हणून. तरी विटाळ आलाच, आणि तशीच ती जेवायला वाढत होती. खरं ना?"

सुधा म्हणाली, "बाई, नका." अगदी हळू.

"आता ही वाटी उरली," बाईंनी रिकामी वाटी उचलली. "हिच्यावर आपण सून ठेवली आहे. ती दिवाळीनंतर कधी तरी मरेल. मुलींच्या वेण्या कोण घालणार ते या शेजारणींसमोर ठरवून टाका, म्हणजे नंतर वाद नको."

सासू ओरडायला लागली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुधाला म्हणाल्या, "चप्पल घाल." सुधा पिठाच्या हातांनी उठली. श्रीकांत आतल्या दारात वर्तमानपत्र धरून उभा होता. "तुम्हीही चला," बाई म्हणाल्या. "एका रिक्षात मावू. तिचं झालं की तुमचं."

आणि तो आला. आईकडे न बघता आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोघांचंही झालं. सुधा वाचली.

शोकसभेत कुणी ही गोष्ट सांगितली असती तर इथे थांबला असता आणि वाहवा मिळवली असती. पण शेजारणींच्या तोंडून ती गोष्ट नणंदेच्या सासरी पोचली. तिला टाकलं नाही, पण पुन्हा माहेरी पाठवलं नाही. सासू सुधाच्या हातचं जेवत राहिली आणि मरेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलली नाही. आपट्यांकडे गौरी उभ्या राहायच्या तेव्हा सुधा एकटीच सगळं करायची. मला एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मी त्यांच्यावर विश्वास टाकला होता हो. वन्संचं तोंड मी परत पाहिलं नाही. जीव वाचवला म्हणून पाया पडायचं, की घर मोडलं म्हणून शिव्या द्यायच्या? दोन्ही करवत नाही."

मी बाईंना जाब विचारला होता. तिनं सांगू नका म्हटलं होतं, तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत. बाई कात्रीला धार आहे का बघत होत्या. म्हणाल्या, "हळू सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?" मी म्हटलं, ऐकलं असतं, श्रीकांतला बाजूला घेतलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. "शक्य आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तकात." त्या महिन्याअखेर मी नोकरी सोडली.

पुढे पुष्कळ वर्षांनी, बाई फार थकल्यात असं कळलं म्हणून मी एकदा बघायला गेले. का गेले, मलाही सांगता येणार नाही. दवाखाना बंद झाला होता, पाटी मात्र तशीच. बाई खाटेवर उशीला टेकून बसलेल्या. मला ओळखलं की नाही कोण जाणे. उशाशी रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. सांभाळायला ठेवलेल्या बाईनं मला कुजबुजत सांगितलं, "घेतच नव्हत्या हो. माझ्यासमोर तोंडात टाकायच्या आणि मी वळले की खिडकीतून थुंकायच्या. म्हणून त्या संध्याकाळी येतात."

"कोण?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सुधा आली. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. तिनं पिशवीतून पाकीट काढलं, पिशवी दाराशी टेकवली, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि खाटेशी गेली. ख्यालीखुशाली नाही, नमस्कार नाही. पाकिटातली एक गोळी कात्रीनं कापली, बाईंच्या हातावर ठेवली, फुलपात्र पुढे केलं. बाईंनी तिच्याकडे जळजळीत पाहिलं. तिनंही पाहिलं. त्या खोलीत माया नावाची गोष्ट मला तरी कुठे दिसली नाही.

बाईंनी गोळी गिळली.

"तोंड उघडा," सुधा म्हणाली. "जीभ वर करा."

बाईंनी आ केला. सुधानं वाकून नीट पाहिलं.

"पाकीट इथेच राहू दे की," घैसासबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी घेईन माझी मी."

सुधानं पाकीट उचलून आपल्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली ठेवलं.

"तुमच्या घरात गोळी टिकत नाही," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.